चवथीच्या आठवड्यात रिलीज नको: नोकरी करून लायब्ररी सांभाळणाऱ्यांसाठी

गोव्यात वेर्णे किंवा पर्वरीच्या कंपनीत दिवसभर राबून रात्री पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ओपन सोर्स लायब्ररी (इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा तयार, खुला कोड) सांभाळणार असाल, तर आधी नोकरीचा करार काढून वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळं काही ठरलेलं नसेल तर नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. काही करार सुट्टीतल्या कामावरही हक्क सांगतात. लायब्ररीचं नाव घालून एचआरकडून लेखी परवानगी घ्या. तोंडी 'चालेल' पुरत नाही, वरिष्ठ बदलले की ते कुणालाच आठवत नाही. कंपनीचा लॅपटॉप आणि ईमेल या कामाला लावू नका.

इश्यूंची, म्हणजे वापरणाऱ्यांनी नोंदवलेल्या तक्रारी-सूचनांची, धास्ती मात्र घेऊ नका. एखादा आठवडाभर पडून राहिला तरी चालतं. अशा कोडला बऱ्याचदा लावतात त्या एमआयटी लायसन्समध्ये (वापराच्या परवान्यात) 'जसं आहे तसं', म्हणजे हमीशिवाय, असंच लिहिलेलं आहे. रोज दोन तास द्याच, असं सांगणाऱ्या मार्गदर्शकांचं ऐकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मडगाव-पणजी कदंब बसमध्ये बसून इश्यू वाचा, लेबलं लावा, पण मर्ज करू नका, म्हणजे कुणी सुचवलेला बदल मूळ कोडात मिसळू नका. मोबाइलच्या पडद्यावर डिफमधली (जुन्या-नव्या कोडातल्या फरकाच्या यादीतली) गळालेली ओळ नजरेतून सुटते. घाई करायची ती फक्त सुरक्षेच्या तक्रारीला. तिच्यासाठी गिटहबवरची (कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरची) खासगी तक्रारीची सोय चालू करून ठेवा.

नवखे खरे अडकतात ते रिलीजला, म्हणजे नवी आवृत्ती प्रसिद्ध करताना. चाचण्या सगळ्या हिरव्या, तरी वापरणाऱ्याकडे लायब्ररी कोसळते. असं का होतं? लायब्ररीच्या मूळ फोल्डरात उभं राहून पायटेस्ट हे चाचण्यांचं साधन चालवलं की पायथन बऱ्याचदा बसवलेलं पॅकेज सोडून शेजारचाच कोड उचलतो. टेम्प्लेट किंवा जेसन फाइल त्या फोल्डरात असतेच, म्हणून चाचणी पास होते. व्हीलमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याकडे जाणाऱ्या बांधलेल्या पॅकेज-फाइलमध्ये, ती गेलेलीच नसते, कारण पॅकेज-डेटाची नोंद करायची राहिलेली असते. वापरणाऱ्याकडे इम्पोर्ट नीट होतं आणि ती फाइल लागेल त्या कॉलला सगळं बंद पडतं.

उपाय कंटाळवाणा आहे, तरी प्रत्येक वेळी करा. कोड 'एसआरसी' फोल्डरात हलवा. व्हील बांधा; ती झिपच असते, उघडून आतली यादी डोळ्यांनी वाचा. नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची वेगळी, कोरी जागा) करा, त्यात ती व्हील बसवा आणि दुसऱ्याच फोल्डरातून चाचण्या चालवा. मग टेस्टपायपीआय (सरावाचं कोठार), आणि त्यानंतर खरं पायपीआय, म्हणजे पायथन पॅकेजांचं सार्वजनिक कोठार. पाऊण तास राखून ठेवा. 'एवढासा तर बदल आहे' म्हणून यातली पायरी गाळू नका.

एवढा आग्रह अशासाठी की पायपीआयवर चढवलेली फाइल डिलीट केली तरी त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही. १.४.२ बिघडली तर १.४.३ काढावी लागते. बिघडलेली डिलीट करू नका, यँक करा, म्हणजे 'मागे घेतली' अशी खूण करा. पॅकेज बसवणारं पिप हे साधन मग ती आपणहून निवडत नाही, पण ज्यांनी नेमकी तीच आवृत्ती बांधून घेतली आहे त्यांचे बिल्ड चालू राहतात. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या कोठारावरून) लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज काढलं गेलं, तेव्हा हजारो प्रकल्पांचे बिल्ड अडले होते.

म्हणून पुढचे दोन दिवस हाताशी असतील तेव्हाच रिलीज करा. शनिवारची सकाळ उत्तम, रविवार दुरुस्तीला राहतो. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात अजिबात नको. घर पाहुण्यांनी भरलेलं, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची, तेव्हा लॅपटॉपला हात कोण लावणार? पावसाळ्यात तर घरच्या मशीनवरून चढवूच नका. वीज गेली की व्हील चढलेली आणि सोर्स (मूळ कोडची फाइल) राहिलेला, अशी गत होते. टॅग (आवृत्तीची खूण) गिटहबवर ढकलला की गिटहब ॲक्शन्स या आपोआप काम करणाऱ्या सोयीतून रिलीज जाईल असं लावा. पायपीआयची २०२३ पासूनची ट्रस्टेड पब्लिशिंगची सोय वापरली, तर पासवर्डसारखं टोकनही जपून ठेवावं लागत नाही.

थकलात तर मदतनीस जरूर घ्या. आधी फक्त इश्यू लावण्याचा अधिकार द्या, काही महिन्यांनी मर्जचा आणि प्रकाशनाचा सगळ्यात शेवटी. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात दोन वर्षांहून अधिक काळ मनापासून काम करतोय असं दाखवणाऱ्या मदतनिसानेच चोरदार (आत शिरायची गुप्त वाट) बसवलं होतं, ते मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलं. त्याआधी तो प्रकल्प सांभाळणाऱ्या एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर 'दुसऱ्याला हक्क द्या' असा ईमेलमधून दबाव आणला गेला होता. तुम्हाला तशी घाई कुणी करू लागलं, तर त्या आठवड्यात कुणालाच कसलाही अधिकार देऊ नका.