भारी ड्रोन घ्यायच्या आधी हात बसवून घ्या

माव्हिकसारखा ड्रोन पहिल्याच दिवशी कोणालाही उडवता येतो, स्टिक सोडली की हवेत खिळा ठोकल्यासारखा उभा राहतो, आणि आपल्याला वाटतं जमलं बुवा. पण त्याला आपण नाही, जीपीएस आणि पोटाखालच्या कॅमेऱ्यांनी धरून ठेवलेलं असतं. उंच बिल्डिंगांच्या मधे जीपीएस गेला, त्यात अंधारामुळे खालचं कॅमेऱ्याला दिसेना, की तो ॲटी मोडमधे जातो. उंची धरतो पण वारा नेईल तिकडे वाहत जातो.

माझा पहिला ड्रोन असाच गेला, कार्यालयाच्या मागे, संध्याकाळी, लग्नाच्या शूटला. नाक, म्हणजे ड्रोनचा पुढचा भाग, माझ्याकडे होतं, मी घाबरून उलटी स्टिक दाबली आणि सरळ चिंचेच्या झाडात. खाली माणसं नव्हती हे नशीब. आणि बऱ्याच कन्झ्युमर ड्रोनला ॲटी मुद्दाम लावायचं बटणच नसतं, म्हणजे त्याच्यावर याची प्रॅक्टिसही होत नाही.

म्हणून आधी जीपीएस नसलेला छोटा, हलका, पंख्यांना गार्ड असलेला ड्रोन घ्या. हेडलेस मोड (नाक कुठेही असो, स्टिक आपल्या दिशेनेच चालते तो) असेल तर बंदच ठेवा, त्याने चुकीची सवय लागते. पावसाळ्यात घरी बसून लिफ्टऑफ किंवा व्हेलोसिड्रोन सिम्युलेटर खेळा, पण यूएसबीने जोडलेल्या खऱ्या रिमोटवर, मोबाईलच्या स्क्रीनवर हात बसत नाही.

सुरुवात शेपूट आपल्याकडे ठेवून. जमिनीवर चप्पल ठेवा आणि अख्खी बॅटरी संपेपर्यंत तिच्या वरच थांबवा, कंटाळा येतो पण करा. मग थोडा पुढे ढकलून स्टिक सोडा, बघा तो थांबत नाही, वाहत राहतो, थांबवायला उलटी स्टिक हलकीच द्यावी लागते. हे बोटांना न विचार करता यायला हवं, सगळा खेळ इथेच आहे.

मग ड्रोनची बाजू आपल्याकडे ठेवून तेच, आणि शेवटी नाक आपल्याकडे. इथे सगळे अडकतात कारण डावं-उजवं उलटं होतं. मला उपयोगी पडलेली युक्ती: नाक आपल्याकडे असताना तो ज्या बाजूला सरकतोय त्याच बाजूला स्टिक द्या, थांबतो. हे जमलं की चौकोन, मग नाक कायम पुढे ठेवून आठचा आकडा, दोन्ही दिशांनी.

मगच मोठा ड्रोन, मोकळ्या मैदानात. डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर ग्रीन झोन (जिथे परवानगी न मागता उडवता येतं) बघून घ्या, तिथे उंचीची मर्यादा जास्तीत जास्त 120 मीटरची. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण म्हणून सराव टाळू नका. रिटर्न टू होमची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतो तेव्हाची, उंची आसपासच्या झाडांपेक्षा जास्त ठेवा. आणि जीपीएस गेल्यावर ते बटण दाबत बसू नका, त्यालाही जीपीएसच लागतो. नाक पलीकडे फिरवा, वाऱ्याच्या विरुद्ध स्टिक धरा आणि दिसेल त्या मोकळ्या जागी उतरवा.