शोडायलॉगनंतर थांबतं काय? विंडोज फॉर्म्समधले मोडल डायलॉग नीट उघडण्याची पद्धत

दुकानाच्या बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये ग्राहकाची माहिती बदलायची एक छोटी खिडकी हवी आहे असं धरू. नाव, मोबाइल, पत्ता असे तीन रकाने आणि खाली ‘ठीक’ व ‘रद्द’ अशी दोन बटणं. सी शार्प आणि विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोजवर खिडक्या बनवायच्या डॉटनेटच्या लायब्ररीमध्ये) ही खिडकी उघडायला एक ओळ पुरते, पण चुका त्या एका ओळीच्या आजूबाजूलाच होतात. (मेथड आणि प्रॉपर्टींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कोडमध्ये अर्थातच रोमन स्पेलिंग टाइप करायचं.)

फॉर्म उघडायला ‘शो’ आणि ‘शोडायलॉग’ अशा दोन मेथड आहेत. ‘शो’ खिडकी दाखवते आणि तिथल्या तिथे परत येते. त्यामुळे खालच्याच ओळीत ग्राहकाचं नाव वाचायला गेलात तर रकाना जसाच्या तसा मिळतो, कारण वापरणाऱ्याने अजून कीबोर्डला हातही लावलेला नसतो. ‘शोडायलॉग’ मात्र खिडकी मिटेपर्यंत खालची ओळ चालू देत नाही. अशा अडवून धरणाऱ्या खिडकीलाच मोडल म्हणतात. उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं काम अडतं तिथे ‘शोडायलॉग’, शोधाची खिडकी किंवा रंगांची पेटी अशा बाजूला उघड्या राहणाऱ्या गोष्टींसाठी ‘शो’.

इथे एक गैरसमज घट्ट रुजलेला असतो: शोडायलॉग म्हणजे प्रोग्रॅम थांबला. थांबतो तो फक्त तुमच्या मेथडमधला पुढचा कोड. शोडायलॉग त्या थ्रेडवरच्या (कोड चालवणाऱ्या त्याच धाग्यावरच्या) बाकीच्या खिडक्या निष्क्रिय करतो आणि आतल्या आत मेसेजचं (क्लिक, टायमर अशा निरोपांचं) एक नवं चक्र फिरवायला लागतो. मागची खिडकी पुन्हा रंगवली जाते, टायमरचे ठोके पडत राहतात, ‘अवेट’ने (थ्रेड न अडवता वाट पाहणाऱ्या शब्दाने) सोडलेली कामं परत येऊन पुढे चालतात. समजा दर 5 सेकंदांच्या टायमरमध्ये ‘सर्व्हरशी संपर्क तुटला’ असा मेसेजबॉक्स टाकलाय आणि माणूस 10 मिनिटं चहाला गेला. तो परत येईपर्यंत एकावर एक साधारण 120 बॉक्स साचलेले असतात. उपाय सोपा आहे: ‘टिक’च्या पहिल्याच ओळीत टायमर बंद करायचा आणि बॉक्स मिटल्यावर पुन्हा सुरू करायचा.

फॉर्मची तयारी

डिझायनरमध्ये नवा फॉर्म घेतला की या प्रॉपर्टी आधी बदलून टाका. ‘फॉर्मबॉर्डरस्टाइल’ला ‘फिक्स्डडायलॉग’, ‘मॅक्सिमाइझबॉक्स’ आणि ‘मिनिमाइझबॉक्स’ दोन्ही ‘फॉल्स’, ‘शोइनटास्कबार’ही ‘फॉल्स’, आणि ‘स्टार्टपोझिशन’ला ‘सेंटरपेरेंट’. शेवटची विसरली तर डायलॉग विंडोजला वाटेल तिथे उगवतो, आणि दोन मॉनिटर असतील तर वापरणारा खिडकी शोधत बसतो.

मग बटणं. ‘ठीक’च्या ‘डायलॉगरिझल्ट’ प्रॉपर्टीला ‘ओके’ आणि ‘रद्द’च्या प्रॉपर्टीला ‘कॅन्सल’ द्या. क्लिकला एक ओळही न लिहिता फॉर्म मिटेल आणि तेच मूल्य शोडायलॉगकडून परत मिळेल. त्यानंतर फॉर्मच्या ‘ॲक्सेप्टबटन’ला ‘ठीक’ जोडलं की एंटर चालतो आणि ‘कॅन्सलबटन’ला ‘रद्द’ जोडलं की एस्केप. या दोघांत एक खोच आहे. कॅन्सलबटन जोडताना त्या बटणाचं डायलॉगरिझल्ट रिकामं असेल तर विंडोज फॉर्म्स स्वतःच तिथे ‘कॅन्सल’ भरतं. ॲक्सेप्टबटनच्या बाबतीत असं काही करत नाही. म्हणून एस्केपने खिडकी मिटते आणि एंटरने ढिम्म हलत नाही अशी तक्रार आली, तर आधी ‘ठीक’चं डायलॉगरिझल्ट ‘नन’वरच राहिलंय का ते बघा.

उघडणं, उत्तर घेणं, मोकळं करणं

क्रम असा ठेवा. ‘यूझिंग’ ब्लॉकमध्ये फॉर्मचा नवा ऑब्जेक्ट बनवा आणि दाखवायची माहिती कन्स्ट्रक्टरमधून आत द्या. शोडायलॉगला मालक म्हणून ‘धिस’ द्या. परत आलेलं मूल्य ‘ओके’शी ताडून पाहा, आणि तसं असेल तरच फॉर्मच्या पब्लिक प्रॉपर्टीतून नवी माहिती वाचा. हे वाचन ब्लॉकच्या आतच उरका. टेक्स्टबॉक्स पब्लिक करून बाहेरून त्यांच्यात हात घालू नका. उद्या टेक्स्टबॉक्सच्या जागी कॉम्बोबॉक्स आला की बाहेरचा सगळा कोड मोडतो.

‘ओके’शी ताडा असं मुद्दाम म्हटलंय. ‘कॅन्सल नसेल तर जतन करा’ असा उलटा विचार केला की पुढे कुणीतरी ‘नो’ किंवा ‘ॲबॉर्ट’चं बटण वाढवतं आणि नको असलेली माहिती जतन होते. कोपऱ्यातल्या फुलीने मिटवलं तरी उत्तर ‘कॅन्सल’च येतं, त्यासाठी वेगळी सोय लागत नाही.

यूझिंग कशाला? ‘शो’ने उघडलेला फॉर्म मिटला की आपोआप ‘डिस्पोज’ होतो, म्हणजे त्याने धरून ठेवलेलं सगळं मोकळं होतं. मोडल फॉर्म होत नाही, तो नुसता नजरेआड जातो. हे मुद्दामच केलेलं आहे, नाहीतर मिटल्यानंतर त्यातली मूल्यं वाचता आली नसती. पण डिस्पोजची जबाबदारी मग तुमच्यावर येते, आणि यूझिंग ब्लॉक संपताच ती आपोआप पार पाडतो. ती टाळली तर चित्रं आणि फॉन्ट लगेच सुटत नाहीत, आणि डायलॉगवर चालू असलेला टायमर तर खिडकी गेल्यावरही टिकटिकत राहतो. दिवसभरात दोनशे वेळा उघडणाऱ्या डायलॉगमध्ये ते दोनशे टायमर होतात. विंडोजमध्ये एका प्रोसेसला मूळ सेटिंगनुसार 10,000 जीडीआय ऑब्जेक्ट (पडद्यावर रंगवायला लागणारे फॉन्ट, ब्रश, चित्रं) मिळतात. ते संपत आले की खिडक्या अर्धवट रंगायला लागतात आणि दोष भलत्याच कोडवर जातो.

माहिती आत देताना मूळ ऑब्जेक्ट न देता त्याची प्रत द्या. डेटा बाइंडिंग लावून (रकाने थेट ऑब्जेक्टला जोडून) मूळ ग्राहकच डायलॉगला दिला, तर रकान्यात केलेला बदल थेट त्याच्यात उतरतो, ‘रद्द’ दाबून काही परत येत नाही आणि मागच्या यादीत चुकीचं नाव झळकत राहतं.

चुकीची माहिती अडवायची कुठे?

मोबाइल 10 अंकी नसेल तर खिडकी मिटू द्यायची नाही. सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे ‘फॉर्मक्लोझिंग’ इव्हेंट. पहिल्या ओळीत डायलॉगरिझल्ट ‘ओके’ नसेल तर सरळ परत फिरा, रद्द करणाऱ्याला अडवायचं कारण नाही. मग तपासणी करा, आणि चूक असेल तर इव्हेंटच्या ‘कॅन्सल’ला ‘ट्रू’ देऊन फोकस त्या रकान्यावर न्या. खिडकी उघडीच राहते. ‘ठीक’च्या क्लिकमध्येही हे जमतं: तिथे फॉर्मचं डायलॉगरिझल्ट परत ‘नन’ करायचं. बटण आधी डायलॉगरिझल्ट भरतं आणि मग क्लिक इव्हेंट उडवतं, म्हणून ही युक्ती लागू पडते. रकान्यांच्या ‘व्हॅलिडेटिंग’ इव्हेंटमध्ये तपासणी असेल, तर ‘रद्द’ बटणाचं ‘कॉझेसव्हॅलिडेशन’ ‘फॉल्स’ करायला विसरू नका. नाहीतर चुकीचा नंबर टाकलेला माणूस तो दुरुस्त केल्याशिवाय ‘रद्द’पर्यंत पोहोचूच शकत नाही.

खिडकी मागे लपते, प्रोग्रॅम अडकल्यासारखा वाटतो

मालक न देता शोडायलॉग बोलावला तर त्या क्षणी सक्रिय असलेली खिडकी मालक धरली जाते. बहुतेक वेळा ती बरोबर असते, म्हणून चूक तपासणीत सापडत नाही. वापरणारा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये असताना टायमरमधून डायलॉग उघडला की मालकच मिळत नाही. डायलॉग मागे राहतो, मुख्य खिडकी क्लिक घेत नाही, आणि टास्कबारवरही काही नाही, कारण ‘शोइनटास्कबार’ आपणच बंद केलेलं! यावर ‘टॉपमोस्ट’ लावणं हा भलता उपाय आहे. डायलॉग मग इतरांच्या प्रोग्रॅमवरही चढून बसतो. मालक द्या, तेवढं पुरतं.

बॅकग्राउंड थ्रेडवरून डायलॉग उघडू नका. तिथून उघडलेला डायलॉग मुख्य थ्रेडच्या खिडक्या निष्क्रिय करत नाही, आणि त्या थ्रेडवरून मुख्य फॉर्मच्या कंट्रोलना हात लावला तर एक्सेप्शन येऊ शकतं. मुख्य फॉर्मच्या ‘इन्व्होक’मधून मुख्य थ्रेडवर या आणि मग दाखवा. फाइल निवडायचा डायलॉग तर सिंगल थ्रेड अपार्टमेंट (एसटीए) प्रकारच्या थ्रेडवरच चालतो. त्यासाठी प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या ‘मेन’ मेथडवर ‘एसटीएथ्रेड’ हे ॲट्रिब्यूट लागतं, पण ‘मेन’ला ‘असिंक’ केलंत तर ते वर लिहिलेलं असूनही लागू पडत नाही. ‘मेन’ साधाच ठेवा. विंडोज सर्व्हिसमधून (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅममधून) डायलॉग दाखवायचा विचारच सोडा. व्हिस्टापासून सर्व्हिस वेगळ्या सेशनमध्ये चालतात, समोर बसलेल्या माणसाला ती खिडकी दिसणार नाही.

डायलॉग उघडताच सर्व्हरवरून माहिती आणायची असेल तर ती कन्स्ट्रक्टर किंवा ‘लोड’मध्ये आणू नका, खिडकी दिसायलाच उशीर होतो. ‘शोन’ इव्हेंटमध्ये ‘अवेट’ने आणा, तोवर ‘ठीक’ निष्क्रिय ठेवा, आणि मध्येच खिडकी मिटली तर कॅन्सलेशन टोकनने (काम थांबवायचा इशारा देणाऱ्या ऑब्जेक्टने) काम थांबवा. अवेटनंतर रकाने भरण्याआधी फॉर्म डिस्पोज झालाय का हेही बघा.

डायलॉग मराठीत असेल तर

मेसेजबॉक्सचा मजकूर तुम्ही मराठीत दिलात तरी बटणं विंडोजच्या भाषेतच येतात. इंग्रजी विंडोजवर ‘बिल रद्द करायचं का?’ या प्रश्नाखाली ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ आले की कशाने काय रद्द होणार तेच कळत नाही. डॉटनेट 5 किंवा पुढची आवृत्ती असेल तर ‘टास्कडायलॉग’ वापरा आणि बटणांवर ‘बिल रद्द करा’ व ‘राहू द्या’ असे शब्द स्वतः लिहा. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर छोटा स्वतःचा फॉर्म बरा.

बटणाचा ठरलेला आकार 75 बाय 23 पिक्सेलचा असतो. ‘बदल जतन करा’ त्यात मावत नाही, आणि वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. फॉन्ट निर्मला यूआय घ्या, लेबल आणि बटणांना ‘ऑटोसाइझ’ लावा आणि सगळं ‘टेबललेआउटपॅनल’मध्ये बसवा. मग विंडोजचं स्केलिंग 150 टक्क्यांवर नेऊन डायलॉग एकदा उघडून बघा. कापलेली अक्षरं तिथे लगेच दिसतात.