ग्लायडर शिकताना: शेवटच्या वळणाआधीची गोष्ट

हडपसरला विंचच्या, म्हणजे जमिनीवरून खेचणाऱ्या यंत्राच्या, तारेवर पतंगासारखं चढत जाणारं ग्लायडर लहानपणी कितीदा तरी पाहिलं होतं. स्वतः बसायचा योग मात्र नोकरीसाठी जर्मनीत आल्यावर आला. इथे चौदाव्या वर्षी पोरं एकटी उडतात, मी चौतिसाव्या वर्षी त्यांच्या रांगेत उभा राहिलो. नवीन येणारे बहुतेक जण मला विंचच्या झटक्याबद्दल विचारतात. मी त्यांना उतरण्याबद्दलच सांगत बसतो, कारण माझी घाबरगुंडी तिथे उडाली.

आधी थोडा हिशेब. आम्ही शिकतो ते एएसके 21, दोन आसनांचं. ताशी 90 किलोमीटर वेगाला शांत हवेत ते एक मीटर उंची खर्चून सुमारे 34 मीटर पुढे जातं. निळा दांडा मागे ओढून एअरब्रेक, म्हणजे पंखांतून वर येणाऱ्या अडथळ्याच्या पट्ट्या, पूर्ण उघडले की हाच आकडा सहा-सातवर येतो. म्हणजे 100 मीटर उंचीवरून तुम्ही तीन-साडेतीन किलोमीटर जाऊ शकता, नाहीतर 700 मीटरच्या आत टेकू शकता. उंची जास्त झाली तर उधळता येते, कमी पडली तर कुणी उसनी देत नाही. इंजिनच नाही, त्यामुळे चुकलं तर पुन्हा वर जाऊन नव्याने येऊ, हा पर्यायही नाही.

माझं विसावं-बाविसावं उड्डाण असेल. धावपट्टीला समांतर, 200 मीटरवर, डावीकडे जमिनीवर मांडलेला, टेकायची जागा दाखवणारा पांढरा 'टी' दिसत होता. वारा उजवीकडून येत होता आणि मला हळूहळू पट्टीकडे सरकवत होता. माझ्या ते लक्षातच आलं नाही. उलट पट्टी जवळ दिसतेय म्हणून बरं वाटत होतं. डावीकडे पहिलं वळण घेतलं तेव्हा वारा पाठीमागून आला, आडवा टप्पा बघता बघता संपला आणि पट्टीची रेषा ओलांडून मी पलीकडे जायला लागलो.

आता नीट वाचा, कारण पुढचं सगळं मला तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं. पट्टीकडे वळायच्या शेवटच्या वळणात नाक लवकर फिरावं म्हणून डावा रडर (नाक डावी-उजवीकडे फिरवणारं, पायाने दाबायचं सुकाणू) जास्त दाबला. त्याने डावा पंख आणखी कलला, जमीन जवळ असल्याने ते भीतीदायक वाटलं, म्हणून स्टिक (पंख कलवणारा आणि नाक वर-खाली करणारा हातातला दांडा) उजवीकडे नेली. नाक खाली जायला लागलं, म्हणून स्टिक ओढली. कॅनॉपीवर, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, चिकटवलेला लोकरीचा लाल दोरा असतो, ग्लायडर हवेत तिरकं जातंय का ते तो दाखवतो. त्याचं शेपूट पार डावीकडे, वळणाच्या आत गेलं होतं. मी बघत होतो 'टी'कडे.

मागून इन्स्ट्रक्टरचा आवाज आला, "हात काढ." नाक खाली, रडर मोकळा, दोरा सरळ. गवतावर तिरके उतरलो. (क्लबात सगळे एकमेकांना 'डू', म्हणजे जर्मनमधलं 'तू', म्हणतात, साठीच्या इन्स्ट्रक्टरलासुद्धा. मला ते अजून जड जातं.)

खाली आल्यावर इन्स्ट्रक्टरने तो दोरा बोटाने डावीकडे सारला आणि विचारलं, "हा असा असताना कुठला पंख आधी साथ सोडेल?" आतला. वळणात तो आधीच हळू जात असतो. त्यात उलट स्टिक दिली की त्याचं एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची हलती झडप) खाली येतं आणि त्या टोकाचा हवेशी कोन आणखी वाढतो. तो एकटा स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल तुटते, आणि ग्लायडर त्या बाजूला उलटून स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली, जातं. दोघे बसलेले असताना सरळ उड्डाणात स्टॉलचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास धरा. 45 अंशांच्या वळणात तोच 83 होतो. वेगदर्शक एअरस्पीड, म्हणजे हवेतला वेग, 80 दाखवत असेल तर? स्पिन थांबवायला काय करायचं ते आम्हाला तोंडपाठ असतं, पण 80 मीटरवर त्याला लागणारी उंचीच शिल्लक नसते. त्यात वारा पाठीमागे असला की जमीन भराभर मागे पळते, वेग भरपूर आहे असा भास होतो आणि माणूस नकळत नाक वर धरतो.

हे काही नवं नाही. ग्लायडर उडवणाऱ्या पहिल्यांपैकी एक, जर्मनीचा ओटो लिलिएंथाल 9 ऑगस्ट 1896 रोजी सुमारे 15 मीटरवरून कोसळला तोही स्टॉल होऊनच. दुसऱ्या दिवशी तो गेला.

उतरताना होणाऱ्या अपघातांची बाकीची कारणं त्यामानाने सरळ आहेत. जमिनीजवळ समोरचा वारा अचानक कमी होतो आणि एअरस्पीड गळतो, म्हणून वेगदर्शकावरच्या पिवळ्या त्रिकोणाने दाखवलेल्या, उतरण्यासाठीच्या वेगात वाऱ्याचा निम्मा वेग मिळवायचा. चाक आत घेता येणाऱ्या ग्लायडरमध्ये घाईत एअरब्रेकऐवजी चाकाचाच दांडा हलवत बसलेले लोक असतात; दांड्याला हात लावला की पंखाकडे बघा, ब्रेक वर आलेत का. टेकताना उसळलात तर स्टिक पुढे ढकलू नका, पाठीचे मणके दुखावतात ते तिथेच. आणि मैदानापासून दूर उड्डाणाला गेलात की 'अजून एक थर्मल (वर चढणारी गरम हवा) मिळेल' या आशेवर उतरायला शेत निवडायचं लांबवू नका. खूप खाली आल्यावर तारा आणि उतार दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मी आता 200 मीटरवर असताना पट्टी पंखाखाली कुठे दिसते ते बघतो. जवळ सरकली असेल तर तिथेच दूर होतो. शेवटच्या वळणात तरीही पुढे गेलोच, तर पट्टीचा हट्ट सोडून पलीकडच्या गवतावर उतरतो. मागच्या महिन्यात असंच झालं. पावसाने मऊ झालेल्या मैदानातून चौघांनी अर्धा तास ग्लायडर ढकललं, आणि सोळा वर्षांची एक पोरगी वाटभर माझी थट्टा करत होती.