एकट्याने नेपोलियनची लढाई मांडताय? या चुका टाळा

माझ्या जेवणाच्या टेबलावर नेपोलियन वॉटर्लूची लढाई लागोपाठ चार वेळा जिंकला. पाचव्यांदा मांडण्याआधी वहीतल्या जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा कळलं की फासे प्रामाणिक होते, लबाडी माझीच होती. फ्रेंचांची पाळी आली की मी चहा बाजूला ठेवून टेबलाभोवती तीन फेऱ्या मारायचो. समोरच्या इंग्रज सेनापतीच्या, वेलिंग्टनच्या, तुकड्या मात्र चहा पीतच, डाव्या हाताने सरकवायचो.

एकट्याने मिनिएचर (टेबलावर छोटे सैनिक मांडून, फासे टाकून लढायची लढाई) खेळणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: ‘खेळात मजा येत नाही, निकाल आधीच कळतो.’ कळणारच. दोन्ही सेनापतींच्या डोक्यात आपणच बसलेलो असतो. कोण कुठे दडलाय, कोण कधी येणार, सगळं आपल्याला ठाऊक. त्यामुळे नियमावली बदलून किंवा आणखी महागडे सैनिक घेऊन फारसं काही साधत नाही. टेबलाने आपल्यापासूनही काही लपवायला हवं.

पहिल्याच दिवशी अख्खं वॉटर्लू

मीही हेच केलं होतं. १८ जून १८१५ला त्या रणांगणावर वेलिंग्टनच्या मदतीला आलेले प्रशियन धरून पावणेदोन लाखांहून जास्त माणसं होती. पाच बाय तीन फुटांच्या टेबलावर ती कोंबली, की उरते ती दादर स्टेशनची संध्याकाळ. त्यापेक्षा एक कोपरा उचला. उगूमोंची गढी घ्या, नाहीतर प्लान्सनुआ गाव. दोन्हीकडे सहा-सात बटालियन (काही शे सैनिकांच्या पलटणी) पुरतात आणि दोन तासांत निकाल लागतो. मोठीच लढाई हवी असेल तर ६ मिमी उंचीचे सैनिक घ्या. २८ मिमीचे दिसतात देखणे, पण घरच्या टेबलावर त्यांची एखादी ब्रिगेडच (काही बटालियनचा गट) मोकळी हलते.

रंगकामाबद्दल दोनच गोष्टी. १/७२ प्रमाणातले मऊ प्लास्टिकचे सैनिक आधी भांडी घासायच्या साबणाने धुऊन घ्या, नाहीतर बंदुकीच्या टोकांवरचा रंग सोलून निघतो. आणि भर पावसाळ्यात गॅलरीत उभं राहून स्प्रे मारू नका. माझं फ्रेंच घोडदळ एका जुलैत पीठ मळून आल्यासारखं पांढरट झालं होतं.

हुकूम सुटला की तुकडी हलली

सगळ्यात मोठी चूक ही. मनात आलं, हात पुढे गेला, तुकडी सरकली. त्या काळी हुकूम घोडेस्वाराबरोबर जायचा, उशिरा पोचायचा, कधी चुकीचा वाचला जायचा. वॉटर्लूच्या दोन दिवस आधी, १६ जूनला, फ्रेंच सेनापती देर्लोंची सुमारे २० हजारांची कोअर (अनेक ब्रिगेडची मोठी फौज) लिन्यी आणि कात्र-ब्रा या दोन रणांगणांच्या मधे येरझारा घालत राहिली. निघाली लिन्यीकडे. कात्र-ब्राला लढणाऱ्या फ्रेंच मार्शल नेने तिला परत बोलावलं (मराठीत लिहिलं की हा पुण्यातला कोणी नेने वाटतो, इलाज नाही). ती परतेपर्यंत अंधार पडला आणि लढली कुठेच नाही. तुमच्या टेबलावर देर्लों असा फुकट जाऊ शकत नसेल, तर तुमची लढाई बुद्धिबळाच्या जवळची आहे.

लांब कशाला, आपल्या भोकरदनजवळची असई घ्या. २३ सप्टेंबर १८०३, केळणा आणि जुई या दोन नद्यांमधली जागा. समोर शिंदे-भोसल्यांची फौज, आणि इंग्रजांकडे वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन. गावापासून लांब राहायचं अशी ताकीद असताना उजवीकडचा कर्नल ऑरॉक आपली माणसं घेऊन थेट असई गावाकडे निघाला. त्याच्यामागून ७४वी हायलँडर पलटण गेली आणि मराठ्यांच्या तोफांपुढे तिची चाळण झाली. एकट्याने खेळताना आपण स्वतःला अशी चूक कधीच करू देत नाही.

माझा उपाय साधा आहे. खेळ सुरू करण्याआधी प्रत्येक ब्रिगेडसाठी चिठ्ठीवर एका ओळीचा हुकूम लिहायचा: ‘गाव घे’, ‘जागा धर’, ‘राखीव थांब’. तो बदलायचा असेल तर सेनापतीपासून ब्रिगेडपर्यंतचं अंतर मोजायचं आणि दर फुटाला एक खेळी उशीर धरायचा. निरोप पोचला की फासा. ४, ५, ६ पडले तर हुकूम लागू. २ किंवा ३ पडले तर आणखी एक खेळी थांबायचं. १ पडला तर ब्रिगेड जवळच्या शत्रूवर चाल करून जाते, तुम्हाला पटो न पटो.

कोण आधी हलणार हेही स्वतः ठरवू नका. पत्त्यांचा जोड घ्या, लाल पानं फ्रेंचांची, काळी वेलिंग्टनच्या दोस्त फौजांची, प्रत्येक ब्रिगेडला एक पान. मधे एक जोकर घाला. तो निघाला की खेळी संपली, ज्यांची पानं राहिली ती राहिली.

टेकडीपलीकडचं दिसणं

वेलिंग्टनने बरंचसं सैन्य माँ-सँ-जाँच्या कण्यामागच्या (लांबट टेकडीमागच्या) उतारावर ठेवलं होतं. टेबलावर ते उघडं मांडलंत तर त्या कण्याचा उपयोग काय? ज्या बाजूचं नेतृत्व तुम्ही करत नाही, तिच्या तुकड्यांऐवजी पालथे पत्ते ठेवा. बारा पत्ते, त्यांतले पाच रिकामे, चांगले पिसून. आपली तुकडी आठ इंचांत आली किंवा कण्यावर चढली की पत्ता उलटायचा. पत्ता रिकामा निघाला तर सुस्कारा, नाहीतर समोर निवडक सैनिकांची गार्ड ब्रिगेड.

शत्रूसाठी तीन योजना आधी लिहून ठेवा आणि त्यांतली कोणती हे तिसऱ्या खेळीनंतरच फाशावर ठरवा. प्रशियनांचंही तसंच. लढाई साडेअकराच्या सुमारास सुरू झाली आणि प्रशियन सेनापती ब्यूलोवची कोअर साडेचारच्या आसपास लढाईत उतरली. अर्ध्या तासाची खेळी धरली तर ती अकरावी खेळी. मी आठवीपासून दोन फासे टाकतो: आधी १० किंवा जास्त हवेत, पुढच्या खेळीला ९, मग ८. ते कधी येणार हे मलाही ठाऊक नसतं, म्हणून राखीव गार्ड कधी सोडायचे याचा खरा घोर लागतो.

घोडदळ शहाणं, पायदळ अमर

एकट्या खेळाडूचं घोडदळ नेमकं हवं तिथे थांबतं. खरं तसं नव्हतं. ब्रिटिशांच्या युनियन ब्रिगेडने देर्लोंचं पायदळ उधळलं, पण ती थेट फ्रेंच तोफांपर्यंत दौडत गेली आणि परतताना फ्रेंचांच्या भालेवाल्या घोडेस्वारांच्या तावडीत सापडली. म्हणून हल्ला जिंकल्यावर फासा टाका: ५-६ आले तरच थांबायचं, नाहीतर पाठलाग, आणि त्यानंतर ती तुकडी दोन खेळ्या दमलेली.

पायदळाचंही तेच. शेवटचा सैनिक पडेपर्यंत कोणी लढत नसे. ब्रिगेडच्या एक तृतीयांश तुकड्या फुटल्या की बाकीच्यांनी मनोधैर्याचा फासा टाकलाच पाहिजे. हे आधी ठरवलं नाही तर खेळ आपण कंटाळल्यावर संपतो.

बारीकसारीक

नियम अडला तर अर्धा तास पुस्तक चाळू नका. सम-विषम टाकून पुढे जा आणि निर्णय वहीत लिहा. पुढच्या वेळी तोच नियम, मग तो आपल्या लाडक्या बाजूच्या विरोधात का जाईना.

आणि पंखा. माझी सहावी लढाई कोणत्याही मार्शलने नाही, छताच्या पंख्याने संपवली. पालथे पत्ते आणि हुकमाच्या चिठ्ठ्या सोफ्याखाली गेल्या. आता पत्त्यांखाली चुंबकपट्टी आणि टेबलावर पत्र्याचा तुकडा असतो. खेळ चार संध्याकाळी चालणार असेल तर निघताना मोबाईलवर वरून फोटो काढा. फक्त पाळी कोणाची आणि कोणता निरोप किती खेळ्यांनी पोचणार हे फोटोत दिसत नाही. तेवढं चिठ्ठीवर लिहून फाशाखाली दाबून ठेवा, आणि घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींना टेबल पुसू नका म्हणून आदल्या दिवशीच सांगा.