फ्रांकोनियातील गावोगावच्या ब्रुअऱ्या: कशा पाहाव्यात आणि वर्षभर त्यांचा मागोवा कसा ठेवावा

बव्हेरिया राज्याच्या उत्तरेस बाम्बर्ग, फॉर्शहाइम आणि बायरॉइट या शहरांच्या भोवती पसरलेला ओबरफ्रांकेन, म्हणजे वरचा फ्रांकोनिया, हा विभाग लोकसंख्येने जेमतेम दहा लाखांचा आहे आणि तेथे दीडशेच्या आसपास ब्रुअऱ्या आजही चालू आहेत. त्यांतील कितीतरी एकाच कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या असून पुढे खानावळ आणि मागे बीअर तयार करण्याची जागा अशी त्यांची मांडणी असते. त्यांची बीअर आसपासच्या गावांतच खपते, त्यामुळे न्यूर्नबर्गच्या मोठ्या दुकानांतही ती क्वचितच दिसते. तिची ओळख करून घ्यायची तर त्या गावापर्यंत जावे लागते, आणि एकदा जाऊन भागत नाही. न्यूर्नबर्ग व एर्लांगेन येथे नोकरी किंवा शिक्षणानिमित्त राहणारे मराठी वाचक, तसेच जर्मनीच्या सहलीत दोन-तीन दिवस मोकळे ठेवू शकणारे प्रवासी यांच्यासाठी ही पद्धत सविस्तर देत आहे.

सुरुवात बाम्बर्गपासून करावी

पहिल्या फेरीत खेड्यांकडे धावू नये. न्यूर्नबर्गहून प्रादेशिक रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येणाऱ्या बाम्बर्गमध्ये जुन्या ब्रुअऱ्या पायी फिरण्याइतक्या जवळजवळ आहेत आणि १९९३ पासून जागतिक वारसा यादीत असलेले जुने शहरही त्याच वाटेवर पाहून होते. येथे धुरावलेल्या मॉल्टची बीअर, म्हणजे रौखबीअर, समजून घेणे हे पहिले काम. बार्ली भिजवून, मोड आणून मग सुकवली की मॉल्ट होतो. पूर्वी तो लाकडाच्या विस्तवावर सुकवत असल्याने धुराचा वास त्यात सर्वत्रच उतरत असे. पुढे धूर न लागता गरम हवेने मॉल्ट सुकवण्याची सोय झाली, तशी ही चव जवळजवळ सगळीकडून नाहीशी झाली. बाम्बर्गमधील श्लेंकेर्ला आणि श्पेत्सिआल या दोन ब्रुअरी-घरांनी मात्र लाकडावर स्वतःचा मॉल्ट सुकवण्याची रीत सोडली नाही.

या दोघांपैकी आधी श्पेत्सिआलमध्ये जावे. १५३६ पासून चालत आलेल्या या घराच्या बीअरमध्ये धूर सौम्य आहे आणि जिभेला त्याची सवय होते. त्यानंतर कॅथीड्रलच्या पायथ्याशी असलेल्या श्लेंकेर्लात जाऊन तेथील ५.१ टक्के मद्यार्काची मेर्त्सन नावाची बीअर घ्यावी. तिचा धूर तीव्र आहे. शाकाहारी वाचकांना पहिल्या घोटाला धुरावलेल्या मांसाची शंका येऊ शकते, कारण युरोपात तसे मांसही याच बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरात मुरवले जाते. परंतु बीअरमध्ये पाणी, मॉल्ट, हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) आणि यीस्ट यांखेरीज काहीही नसते. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याच्या भरिताला जो वास असतो, त्याच जातीचा हा वास आहे असे समजून अर्धा पेला संपेपर्यंत मत बनवू नये.

बाम्बर्गमध्ये आणखी एक गोष्ट शिकून घ्यावी. वुंडरबुर्ग या भागात मार्स ब्रॉय आणि कीसमान या दोन ब्रुअऱ्या एकाच रस्त्यावर समोरासमोर आहेत. मार्सची खासियत असलेली बीअर ‘उंगेश्पुंडेट’ प्रकारची आहे. या प्रकारात साठवणीच्या काळात पिंप घट्ट बंद केले जात नाही आणि आंबवण्यातून निघणारा वायू बराचसा निघून जातो. त्यामुळे ती कमी फसफसते, पोटाला जड वाटत नाही आणि मॉल्टची चव पुढे येते. समोर कीसमानमध्ये जाऊन स्वच्छ गाळलेली, हॉप्सचा कडवटपणा स्पष्ट जाणवणारी पिल्स या प्रकारची बीअर घेतली की दोन शेजाऱ्यांच्या हातांतील फरक नेमका कळतो. खेड्यातील बीअर चाखताना हाच फरक ओळखीच्या खुणेसारखा उपयोगी पडतो.

उघडण्याचे दिवस आधी पडताळावेत

खेड्यातील बहुतेक खानावळींचा आठवड्यातून एक किंवा दोन दिवस बंद राहण्याचा नियम असतो आणि त्याला ‘रुहटाग’ म्हणतात. सोमवार-मंगळवारी बंद असणाऱ्या जागा पुष्कळ आहेत, तर काही जागा आठवड्यातील तीन-चार दिवसच उघडतात. याशिवाय कुटुंबाची वार्षिक सुट्टी असते ती वेगळीच. नकाशाच्या ॲपवरील वेळांवर विसंबून न राहता ब्रुअरीच्या संकेतस्थळावर पाहावे आणि निघण्यापूर्वी फोन करावा. तोडकेमोडके जर्मन चालते. रोख युरो जवळ ठेवावेत, कारण कार्ड न घेणाऱ्या जागा अजूनही आहेत.

गाडी घरी ठेवावी

जर्मनीत वाहनचालकासाठी रक्तातील मद्यार्काची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे, आणि नव्याने परवाना मिळालेल्या तसेच २१ वर्षांखालील चालकांना मद्य पूर्ण वर्ज्य आहे. मर्यादेचा हिशेब करत बसण्यापेक्षा रेल्वे, बस आणि पाय यांवरच सगळी आखणी करावी. न्यूर्नबर्ग परिसराच्या वाहतूक संघाचे दिवसभराचे ‘प्लस’ तिकीट दोन प्रौढांना मुलांसह चालते आणि शनिवारी घेतल्यास रविवारीही वैध राहते. उन्हाळ्याच्या मोसमात शनिवार-रविवारी फ्रांकोनियन स्वित्झर्लंड या डोंगराळ भागात सहलीसाठी विशेष बसगाड्या धावतात. तेथे परतीची शेवटची बस लवकर सुटते, म्हणून ती वेळ आधी लिहून घ्यावी आणि मगच बाकीचा दिवस ठरवावा.

एक खोरे किंवा एक पायवाट निवडावी

नवखे लोक एका दिवसात सहा-सात ठिकाणी जाण्याचा बेत आखतात. मला तो मुळीच पटत नाही. दिवसाला दोन, फार तर तीन जागा पुरेशा आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी जेवणासह बसण्याइतका वेळ हवा.

यासाठी आउफसेस ही ग्रामपंचायत उत्तम आहे. सुमारे दीड हजार वस्तीच्या या गावसमूहात चार ब्रुअऱ्या असल्यामुळे लोकसंख्येच्या प्रमाणात सर्वाधिक ब्रुअऱ्यांचे ठिकाण म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. चारही जागांना जोडणारी सुमारे १४ किलोमीटरची वर्तुळाकार पायवाट शेतांतून, जंगलांतून आणि छोट्या वाड्यांतून जाते. पूर्ण वाट चालायची असल्यास सकाळी लवकर निघावे, दर ठिकाणी लहान पेला मागावा आणि सोबत पाणी ठेवावे. मला विचाराल तर वाट दोन दिवसांत विभागणे अधिक चांगले. या चारपैकी हेकेनहोफच्या काटी-ब्रॉयमध्ये मोटरसायकलवरून येणाऱ्यांची रविवारी मोठी गर्दी होते, म्हणून तेथे आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे.

बसण्याची आणि मागण्याची रीत

आत गेल्यावर रिकामी जागा दिसली तरी ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेल्या टेबलावर बसू नये. ते गावातील नेहमीच्या मंडळींचे असते. इतर टेबलांवर अनोळखी लोकांशेजारी विचारून बसणे हीच येथील रीत आहे आणि बोलणेही बहुधा तेथूनच सुरू होते. अर्ध्या लिटरच्या पेल्याला ‘झायडला’ म्हणतात. फार पर्याय विचारत न बसता घरची रोजची बीअर आधी मागावी, कारण ब्रुअरीची खरी परीक्षा तीच.

शाकाहारी व्यक्तीने पदार्थ मागवताना स्पष्ट विचारावे. बटाट्याच्या गोळ्यांवर येणारा तपकिरी रस्सा बहुतेक वेळा मांसाचाच असतो. चीज, मुळा, ओबात्सडा हा मसालेदार चीजचा प्रकार आणि घट्ट पाव एवढे मात्र बहुतेक ठिकाणी मिळते.

उन्हाळ्यात ‘केलर’ चुकवू नये. बीअर थंड राहावी म्हणून पूर्वी टेकडीच्या पोटात लांबलचक तळघरे खोदत आणि वरची जमीन तापू नये म्हणून तेथे दाट सावलीची झाडे लावत. त्याच झाडांखाली बाके मांडून बीअर विकण्याची प्रथा पडली आणि आजही लोक संध्याकाळी सहकुटुंब तेथे जातात. अनेक केलरवर घरून आणलेला डबा खाता येतो; पेय मात्र तेथूनच घ्यावे. फॉर्शहाइमच्या केलरवाल्डमध्ये असे अनेक केलर एकाच जंगलात आहेत. जुलैच्या अखेरीस तेथे आनाफेस्ट हा उत्सव भरतो, तेव्हा गर्दी प्रचंड असते. शांतपणे बसायचे असेल तर जून बरा.

वर्षभर मागोवा कसा ठेवावा

या ब्रुअऱ्यांचे वर्ष ऋतूंप्रमाणे चालते, म्हणून कॅलेंडर करणे हा मागोवा ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जास्त मद्यार्काच्या बॉक बीअरचे पिंप फोडण्याचे दिवस येतात आणि प्रत्येक ब्रुअरीचा दिवस वेगळा असतो. श्लेंकेर्लाची उरबॉक ऑक्टोबरपासून मिळते, तर डिसेंबरमध्ये तेथे ओकच्या धुरात सुकवलेल्या मॉल्टची ८ टक्क्यांची बीअर येते. ती सावकाश आणि एकच प्यावी. ६ जानेवारीला बव्हेरियात सुट्टी असते. त्या सुमारास मित्रमंडळींनी जमून नव्या वर्षासाठी बळ पिऊन घेण्याची ओबरफ्रांकेनमध्ये प्रथा आहे आणि त्यासाठीही बऱ्याच ठिकाणी बॉकच असते. वसंतात मायबॉक येते आणि मग केलर उघडू लागतात.

ज्यांना आणखी पुढे जायचे आहे त्यांनी शेजारच्या ओबरफाल्त्स विभागातील त्सॉइगल ही बीअरची परंपरा समजून घ्यावी. विंडिशेशेनबाख, नॉयहाउस, फाल्केनबर्ग, मिटरटाइख आणि एस्लार्न येथे बीअर बनवण्याचा हक्क असलेली कुटुंबे गावच्या सामायिक ब्रुअरीत आळीपाळीने मॉल्टचा काढा उकळतात, तो घरी नेऊन आंबवतात आणि ठरलेल्या दिवशी आपल्या घरीच लोकांना देतात. घर उघडे असल्याची खूण म्हणजे बाहेर टांगलेला षट्कोनी तारा. कोणत्या दिवशी कोणाचे घर उघडे असेल याचे वार्षिक वेळापत्रक प्रसिद्ध होते. जानेवारीतच ते मिळवून आपल्या सुट्ट्यांशी जुळवून पाहावे. ही परंपरा २०१८ पासून जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे.

भेटीच्या नोंदी लहान वहीत ठेवाव्यात. तारीख, बीअरचे नाव, पिंपातून आली की बाटलीतून, गाळलेली की गढूळ, हवामान आणि सोबत काय खाल्ले एवढे पुरते. एकाच जागेच्या दोन ऋतूंतील नोंदी शेजारी ठेवल्या की त्या घराचा स्वभाव दिसू लागतो.

आवडलेली बीअर घरी न्यायची असल्यास थेट ब्रुअरीतून अर्ध्या लिटरच्या २० बाटल्यांचा क्रेट घ्यावा. साध्या बाटलीमागे ८ सेंट आणि क्रेटमागे १.५० युरो, म्हणजे एकूण ३.१० युरो अनामत पडते. क्रेटवर ब्रुअरीचे नाव असते, म्हणून तो रिकाम्या बाटल्यांसह शक्यतो त्याच ब्रुअरीत परत करावा. लहान घराला परत न आलेला प्रत्येक क्रेट नव्याने विकत घ्यावा लागतो, आणि अनामतीच्या रकमेत तो येत नाही.