पणजोबांची जन्मनोंद शोधताय? आधी हे वाचा

जुनी जन्म-मृत्यूची नोंद हवी असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन फार उपयोग नाही, जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याच्या आधीचं बरंचसं कोतवाल बुकात असतं, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत (गाव नमुना नं. १४), आणि ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतं. साधा अर्ज लिहायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, गावाचं नाव आणि साल द्यायचं. साल नक्की माहीत नसेल तर पुढची-मागची पाच वर्षं पण मागा, कारण घरात सांगतात ते साल अंदाजपंचेच असतं 😄

आणि बाळाच्या नावाने शोधू नका! बारसं व्हायच्या आधीच नोंद व्हायची, त्यामुळे बाळाच्या जागी नुसतं 'मुलगा' आणि बापाचं नाव, बस. आमच्या आजोबांची नोंद तशीच सापडली, तीही मोडीत. मोडी वाचणारा शोधून ठेवाच, फोटोवरून पण वाचून देतात.

घराण्यातल्या जुन्या दाव्याचे कोर्टाचे कागद हवे असतील तर त्याची रीत वेगळी. दाव्याचा नंबर, साल, पक्षकारांची नावं घेऊन नक्कल विभागात अर्ज करा. निकाल आणि हुकूमनामा (डिक्री) सहसा मिळतो, बाकीचे कागद मुदत संपली की नष्ट करतात. नंबर नसेल तर जुना सातबारा, फेरफार बघा, त्यात कधीकधी दाव्याचा उल्लेख असतो.