ठाण्यातली माती कशी ओळखावी: डोंगरउतारापासून खाजणापर्यंत

येऊरच्या डोंगरउतारावर खणलं तर वीत-दोन वीत तांबूस मातीखाली मुरूम लागतो. तिथून काही किलोमीटरवर, कोलशेतच्या खाडीकाठी, कुदळ लोण्यात शिरावी तशी काळपट गाळात शिरते आणि दगड काही लागत नाही. मधल्या पट्ट्यात एकेकाळी भातखाचरं होती, त्यांवर आता बहुतेक इमारती आहेत. तळचा कातळ सगळीकडे एकच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. पाऊसही जवळपास तेवढाच. बदलते ती उतारावरची जागा, आणि तिच्याबरोबर माती.

मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनी यांनी १९४१ मध्ये माती घडवणारे पाच घटक मांडले: हवामान, सजीव, भूरूप, मूळ खडक आणि काळ. आपल्याकडे त्यात सहावा घटक धरावा लागतो, तो म्हणजे भरावाचा डंपर. ठाणे किंवा नवी मुंबईत खड्ड्यात दिसणारी माती त्या जागेचीच असेल, असं गृहीत धरू नये.

आधी जागा, मग खड्डा

कागदावर डोंगरमाथ्यापासून खाडीपर्यंत एक सरळ रेघ ओढा. ठाण्यात येऊर ते कोलशेत, नवी मुंबईत पारसिकचा डोंगर ते खाडी. या रेघेवर निदान चार जागा हव्यात: वरचा उतार, पायथा, सपाट जमीन आणि खाडीकाठ. प्रत्येक ठिकाणी उताराचे अंश मोबाइलवरच्या उतारमापकाने नोंदवा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते लिहा. उपग्रहाची जुनी चित्रं जरूर बघा. आज मैदान दिसणाऱ्या जागी वीस वर्षांपूर्वी खाजण (भरतीचं पाणी शिरणारी दलदल) किंवा मिठागर असेल, तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात मोडतं आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. दोन्हीकडे परवानगीशिवाय खणू नये. तशी गरजही फारशी पडत नाही. रस्त्यासाठी कापलेली दरड, ओढ्याचा खचलेला काठ, इमारतीच्या पायाचा खड्डा, असे तयार छेद, म्हणजे मातीचे थर उघडे दाखवणाऱ्या उभ्या बाजू, या शहरांत हवे तेवढे मिळतात. पायाच्या खड्ड्यात साइटवरच्या माणसाला विचारूनच जा, डोक्यावर हेल्मेट ठेवा आणि आधार न दिलेल्या खोल भिंतीखाली उभं राहू नका. भरावाची भिंत कोसळण्याआधी इशारा देत नाही.

हंगाम

इथे वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. उरलेले आठ महिने कोरडे. या दोन टोकांमुळे एकाच खड्ड्याचे तीन वेगळे निकाल येऊ शकतात. ऑगस्टमध्ये पाण्याची पातळी कळते, पण खाडीकाठच्या मातीतले क्षार पावसाने धुतलेले असल्यामुळे ती उगाच गोडी वाटते. खारजमिनीत पावसाळ्यात भात होतो तो याच जोरावर. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणारे भाताचे वाणही काढले आहेत. मेमध्ये तीच जमीन पांढरी पडते आणि भेगा सर्वात रुंद असतात. एकदाच जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी बरा, कारण वरचा थर सुकलेला असतो आणि खाली ओल असते, त्यामुळे दोन्ही अवस्था एकाच वेळी हाताला लागतात.

छेद साफ करून वाचणं

खड्डा एक मीटर खोल, किंवा मुरूम लागेपर्यंत. वाचायची बाजू उन्हाकडे असावी. खुरपीने वरून खाली दोन-तीन सेंटिमीटर पापुद्रा काढा, कारण कुदळीने माती दाबली जाते आणि वरची माती खाली ओघळून थर झाकते. टेप वरून लावा. जिथे रंग, घट्टपणा किंवा खड्यांचं प्रमाण बदलतं तिथे सुरीने रेघ मारा, आणि एका थरातून दुसऱ्यात जाताना हा बदल हळूहळू होतो की एकदम, तेही लिहा. निसर्गाने घडवलेले थर बहुधा एकमेकांत मुरत जातात. सुरीने कापल्यासारखी सीमा, तिच्यावर टोकदार खडी आणि मुरूम, खाली मऊ करडा गाळ, अधूनमधून विटेचा तुकडा किंवा प्लॅस्टिकचा धागा असं दिसलं, तर तो भराव. त्याचं वर्णन वेगळं लिहायचं आणि मोजमाप खालच्या मूळ पृष्ठभागापासून पुन्हा सुरू करायचं. मातीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा मानवनिर्मित मातीला टेक्नोसॉल म्हणतात, त्यामुळे भरावाची नोंद करण्यात कमीपणा काही नाही.

भातखाचराच्या छेदात दोन खुणा हमखास शोधाव्यात. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने साधारण १५ ते २५ सेंटिमीटर खोलीवर एक घट्ट थर बसतो. सुरी वरून सहज जाते, तिथे अडते, खाली पुन्हा सुटते. आणि मुळांच्या जुन्या वाटांभोवती गंजाच्या रंगाच्या रेषा दिसतात. साचलेल्या पाण्यात विरघळलेलं लोह मुळांवाटे हवा मिळताच तिथे गंजून बसतं. शेती बंद होऊन प्लॉट पडला तरी या रेषा वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून इमारतीखालची जुनी खाचरं ओळखायला त्या उपयोगी.

शहापूर-मुरबाडकडे खणत असाल तर राब भाजलेला, म्हणजे भाताची रोपं करण्यासाठी पालापाचोळा जाळलेला, तुकडा टाळा. राखेमुळे तिथला सामू (पीएच) आणि पालाश (पोटॅश) वाढलेला असतो, आणि नमुना अख्ख्या शेताबद्दल खोटं सांगतो.

रंगाने होणाऱ्या दोन चुका

ढेकूळ फोडा, रंग बदलणं थांबेपर्यंत पाणी टाका, पांढऱ्या कागदावर ठेवून दुपारच्या उजेडात पाहा. कोरडा आणि ओला, दोन्ही रंग लिहा. सकाळ-संध्याकाळच्या उन्हात सगळीच माती तांबडी दिसते.

पहिली चूक: लाल दिसलं की जांभा म्हणणं. माथेरानच्या पठारावर जांभ्याची टोपी आहे. पण ठाण्याच्या उतारावरची तांबूस माती बहुतेक ठिकाणी झिजलेल्या बेसाल्टची असते. खालचा दगड फोडून पाहा. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गोल थर सुटले आणि आत काळसर गाभा निघाला तर तो बेसाल्ट. जांभा भोकाभोकांचा असतो आणि त्यात असा ताजा गाभा नसतो.

दुसरी चूक खाडीकाठची. तिथला काळा रंग म्हणजे देशावरची काळी कसदार माती नव्हे. तो लोह आणि गंधकाच्या संयुगाचा रंग आहे, आणि सोबत बहुतेकदा सडक्या अंड्याचा वास असतो. चमचाभर गाळ ताटलीत पातळ पसरून उघडा ठेवा. हवा लागली की एक-दोन दिवसांत काळेपणा जाऊन तो करडा-तपकिरी होतो. देशावरची काळी माती वाळूनही काळीच राहते. हा गाळ बागेत वापरायचा विचार असेल तर एक सेंटिमीटर जाडीची चकती ओलसर ठेवून आठ आठवडे हवेत राहू द्या आणि सामू पुन्हा मोजा. गंधकाचं आम्ल होतं. मातीत शिंपल्यांचा चुना असेल तर ते तिथेच निष्प्रभ होतं, नसेल तर सामू ४ च्या खाली उतरू शकतो. तसं झालं तर तो गाळ होता तिथेच राहू द्यावा.

पोत: हातात आणि बरणीत

मूठभर मातीतले खडे काढा, थेंब थेंब पाणी घालून कणकेसारखी मळा, आणि अंगठा व तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढा. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर माती हलकी, अडीच ते पाच मध्यम, पाचच्या पुढे गेली तर चिकण. मळायला निदान दोन मिनिटं द्या. आपल्या लाल मातीत लोहाने चिकटलेले चिकणमातीचे बारीक गोळे वाळूच्या कणांसारखे लागतात आणि मळल्यावरच फुटतात. घाई केली तर चिकण माती वाळूची ठरते.

बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चमचाभर डिटर्जंट, आणि पाच-दहा मिनिटं जोरात हलवणं. खाली ठेवल्यावर मिनिटभरात बसते ती वाळू, दोन तासांपर्यंत पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण), नंतर चिकण. खाडीकाठच्या मातीत हा प्रयोग हमखास फसतो. क्षारांमुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरतात आणि भराभर खाली बसतात, पाणी अर्ध्या तासात नितळ होतं, आणि ‘पोयटा भरपूर’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आधी माती साध्या पाण्यात ढवळून, बसू देऊन वरचं पाणी ओता. असं तीनदा केल्यावरच बरणीची चाचणी करा.

सामू, क्षार, चुना

२० ग्रॅम वाळलेली माती, ५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी (बॅटरीत घालायचं चालेल, नळाचं नको), अर्धा तास अधूनमधून ढवळणं. मग सामू आणि विद्युतवाहकता मोजा; क्षार जितके जास्त तितकी वाहकता जास्त. डोंगरउतारावर सामू साधारण ५.५ ते ६.५, खारजमिनीत ७ च्या वर. माती क्षारयुक्त ठरवण्याची ४ डेसीसायमन प्रति मीटर ही मर्यादा संपृक्त मातीतून काढलेल्या द्रावणासाठी आहे. इथे पाणी जास्त असल्यामुळे आकडा बराच कमी येतो, तेव्हा दोन्हींची सरळ तुलना करू नका. ‘एक आलाय, म्हणजे ठीक’ म्हणून लावलेली झाडं याच गोंधळात जळतात.

चुन्यासाठी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब. हातमोजे आणि चष्मा घालून. देशावर याच बेसाल्टवर, कमी पावसात, मातीत चुनखडीचे खडे साठतात. कोकणचा पाऊस ते धुऊन नेतो. त्यामुळे ठाण्याच्या उतारावर माती फसफसली तर सिमेंट-चुन्याचा भराव शोधा, खाडीकाठी फसफसली तर आधी शिंपले शोधा.

नाव देणं

आता रेघेवरच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवा आणि मग नाव द्या. उथळ, खडेमिश्रित, निचरा जोरात, किंचित आम्ल: वरकस. पायथ्याची खोल, तपकिरी, पोयट्याची, गंजरेषा असलेली: भातजमीन. करडी, चिकण, खारी, ओली: खार. स्थानिक नाव आधी लिहावं. एन्टिसॉल, इन्सेप्टिसॉल ही वर्गीकरणातली नावं प्रयोगशाळेचे आकडे आल्यावर. प्रयोगशाळेला देताना प्रत्येक थराचा अर्धा किलो नमुना सावलीत वाळवून वेगळ्या पिशवीत द्या. खताच्या शिफारशीसाठी शेतभरची माती एकत्र करतात ती पद्धत इथे उपयोगाची नाही; थर मिसळले की छेद गेला.

एका जागेची नोंद साधारण अशी दिसेल: ‘सपाट जमीन, उतार १ अंशापेक्षा कमी. ०–६० सेंमी मुरुमाचा भराव, विटांचे तुकडे, आम्लाने फसफस. ६० सेंमीला तीक्ष्ण सीमा. तिथून मूळ पृष्ठभाग, मोजमाप पुन्हा शून्यापासून: ०–१८ सेंमी करडी-तपकिरी चिकण, पट्टी ६ सेंमी, गंजरेषा भरपूर. १८ सेंमीला घट्ट थर. जुनं भातखाचर, भरावाखाली. जानेवारीत पाहिलं, मेमध्ये भेगा आणि क्षार पुन्हा मोजायचे.’